निजल्यांचा माळ

भागूआत्या माळाच्या कडेला आली की वहाणा काढून हातात घ्यायची. काटे असोत नाहीतर चैतातला तापलेला खडक, माळ ओलांडेपर्यंत अनवाणी. जाताना मधल्या राशीवर एक धोंडा ठेवायची.

चाकणजवळच्या आमच्या शिवारात दगडमातीच्या तीन राशी होत्या, भोवती धोंड्यांचं कडं. आत कुठल्या काळची माणसं पुरलेली, देव जाणे. गाव त्याला निजल्यांचा माळ म्हणायचं. लहानपणी मी आत्याला विचारलं, "मेलेल्यांचा का नाही म्हणत?"

"पुरणाऱ्यांच्या तोंडून 'मेला' निघंना, म्हून 'निजला' म्हनले. त्येंचा शबूद आपुन कशाला मोडायचा? हळू चाल, मुडद्या."

माझी ही चुलत आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. जीभ विळ्यासारखी. पुढं माळ माझ्या नावावर आला. मी तो गोदामासाठी दिला तेव्हा ती दारात येऊन बसली.

"सदा, मधली रास तेवढी सोड."

मी चौथी शिकलेला, पण शब्दाचा पक्का, अशी माझी ऐट. म्हणालो, "सोडली म्हणून समज."

मधल्या राशीपाशी येऊन जेसीबीवाला म्हणाला, "काका, हा मुरूम लई भारी. तुमच्या अंगणात टाकू का?" नव्या बंगल्यापुढं चिखल व्हायचा. मी मान हलवली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पसरताना तांबड्या-काळ्या खापऱ्या निघाल्या, एक दात निघाला. "पाव्हनं आलं जेवायला," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो आणि तो दात पायानं आत सारला. त्या हसण्याची आठवण झाली की अजून तोंडात कडू येतं. थुंकावं तर कुणावर?

वास्तुशांतीला आत्या आली. फाटकातच थांबली, माती पाहिली, वाकून वहाणा काढल्या. कडेचा एक धोंडा उचलून अंगणाच्या मधोमध ठेवला.

"आत्या, हे अंगण आहे."

"व्हय. निजलेली मानसं उचलून आनलीस. आता हळू बोल."

जेवली नाही. त्याच हिवाळ्यात गेली.

पोरानं वर पेव्हर ब्लॉक बसवले. धोंडा त्यानं दोनदा बाहेर टाकला, मी दोनदा आणून ठेवला. मी फाटकात वहाणा काढतो तेव्हा सून म्हणते, "मामा, पाय भाजतील." भाजू देत.

"अण्णा, त्या धोंड्यापायी गाडी लागत नाही," पोरगा कुरकुरतो.

"लागणारच नाही," मी म्हणतो. हळू आवाजात.