बुडालेल्या जहाजाचं नाणं

त्या प्रकरणात कुणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात एक ओळही आली नाही. तरी नोकरीतलं कुठलं प्रकरण मनातून गेलं नाही असं कुणी विचारलं, की मला तेच आठवतं.

नव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षं. लंडनच्या वायव्येकडच्या एका पोलीस स्टेशनात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. खबर दिली नाण्यांच्या एका दुकानदाराने. पिनरच्या एका डेंटिस्टनी त्याला सोन्याचं स्पॅनिश नाणं दाखवलं होतं. अमेरिकेतल्या वसाहतीत दोनशे वर्षांपूर्वी पाडलेलं, बुडालेल्या जहाजातून काढलेलं, असं सांगून एका तरुणाने ते त्यांना विकलं होतं. दुकानदाराने मला भिंगाखाली मागच्या बाजूची बारीक खूण दाखवली. जुन्या नाण्याच्या स्मरणार्थ अलीकडेच काढलेली ती हुबेहूब प्रतिकृती होती.

"सोनं खरं आहे," तो म्हणाला, "वय खोटं."

विकणारा मूळचा नागपूरचा, मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर आलेला. त्याला अटक केली, सॉलिसिटर बोलावला, हक्क वाचून दाखवले आणि टेप सुरू केली. पहिल्याच प्रश्नाला त्याने कबुली दिली. नाणं नवं आहे हे माहीत होतं, आपणच फसवलं, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही.

गुन्हा कबूल करणारा माणूस सहसा स्वतःकडे थोडं कमीच घेतो. हा सगळंच घेत होता. मी नाणं आणि भिंग त्याच्यापुढे ठेवलं आणि ते नवं कशावरून ओळखलंस, असं विचारलं. तो नाण्यावरच्या राजाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. नाणं उलटं करून बघावं हे त्याला सुचलंच नाही.

तो एका वयस्कर मराठी गृहस्थांकडे भाड्याने राहायचा. एकटेच होते, तिथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना काका म्हणत. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला. नाण्याचा विषय काढताच खुलले. या भाडेकरू पोराच्या लग्नात आपणच ते आहेर म्हणून दिलं, असं म्हणाले आणि जहाजाची, वादळाची, एका म्हाताऱ्या गोऱ्या कप्तानाची गोष्ट रंगवून सांगितली. मी ती पूर्ण होऊ दिली. मग पोरगा कोठडीत का आहे ते सांगितलं.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, की नाणं जाहिरात बघून मागवलं होतं. जहाजाची गोष्ट पहिल्यांदा एका जेवणात गंमत म्हणून सांगितली, लोकांना ती खरी वाटली.

"इतकी वर्षं इथे काढली साहेब, माझं कुणी ऐकून घेत नव्हतं. त्या गोष्टीमुळे ऐकायला लागले."

हे जबाबात लिहून द्यावं लागेल, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर चारचौघांत वाचलं जाईल, असं मी स्पष्ट सांगितलं. ते उठले आणि कोट चढवू लागले.

काकांच्या जबाबानंतर कारवाई पुढे गेली नाही. डेंटिस्टना पैसे परत मिळाले. पोराला सोडताना मी विचारलं, शिक्षा झाली असती तर व्हिसा गेला असता, हे माहीत होतं ना? होतं, म्हणाला. बायको येणार होती, फ्लॅटच्या डिपॉझिटसाठी त्याने काकांना न सांगता नाणं विकलं होतं. ते नवं असल्याचं त्याला नंतर, डेंटिस्टचा फोन आला तेव्हा कळलं.

"मंडळात त्यांना खोटं पाडून मी राहणार कुठे, सर?" तो म्हणाला. मग स्वतःच दुरुस्ती केली. "म्हणजे, घर मिळालं असतं दुसरं."

बाहेर काका बाकावर बसले होते. त्याला बघून उभे राहिले.

"मी खोटं सांगितलं रे तुला."

"मीही नाणं विकलं, ते बोललो नाही तुम्हाला," तो म्हणाला आणि त्यांचा हात धरून पायऱ्या उतरू लागला.

नकार तपासायला आम्हाला शिकवलं होतं. कबुलीही तितकीच तपासावी लागते, हे मी त्या दोघांकडून शिकलो. पुढे कुणी सगळा दोष मुकाट्याने अंगावर घेतला, की आधी मी त्याच्या घरी जाऊन यायचो. बहुतेक वेळा घरी कुणीतरी असायचं.