धोंडूच्या इंजिनाचं हँडल

धामणकोंडात दोन गोष्टी वर्षानुवर्षं चुकल्या नव्हत्या. एक, नवरात्रात गावदेवीचे घट बसणं. दुसरी, भातकापणी झाली की केरू मांडवकराचं इंजिन सुरू होणं. देवरुखहून येणारी एस.टी. कधी यायची, कधी दांडी मारायची, पण केरूचं इंजिन ठरल्या दिवशी ठुकठुकायला लागलंच पाहिजे.

इंजिन मुळात त्याच्या बापाचं, धोंडूचं. चौऱ्याहत्तर साली धोंडूनं ते चिपळूणहून आणलं तेव्हा केरू पंधरा वर्षांचा होता. आठ घोड्यांच्या ताकदीचं, डिझेलवर चालणारं, एकाच सिलिंडरचं आणि दोन्ही अंगांना परातीहून मोठी लोखंडी चाकं. पूर्वी त्यावर भाताची गिरणी चालायची. विजेची गिरणी आली आणि इंजिन पडवीत जाऊन बसलं. तरी कापणीच्या दिवसांत त्याला मान होता. खालच्या मळ्यात वीज नाही, तेव्हा बाबल्या गोरुल्याच्या नाकवाल्या ट्रकवर चढवून इंजिन तिथं न्यायचं, पट्टा लावून झोडणीचं मशीन फिरवायचं आणि वाडीचं भात चार दिवसांत मोकळं करायचं. बाबल्याचा ट्रक इंजिनाहून दोन-तीन वर्षांनीच लहान. त्याचा एक दरवाजा काथ्यानं बांधलेला असतो आणि हॉर्नची त्याला गरजच पडत नाही, कारण तो येतोय हे पलीकडच्या वाडीलाही कळतं.

केरू बुटका, आवाजानं मोठा आणि स्वभावानं त्याहून मोठा. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला कँटीनात कामाला गेला आणि वर्षाच्या आत परत आला. तिकडं झोप लागत नाही म्हणाला. लोकांना वाटलं, घरची आठवण येत असेल. आठवण येत होती ती इंजिनाची. हँडल मारणं ही त्याच्या दृष्टीनं विद्या होती आणि ती विद्या बापानं त्याला एका थोबाडीत शिकवली होती. केरूनं पहिल्यांदा हँडल धरलं तेव्हा बोटं एका बाजूनं आणि अंगठा दुसऱ्या बाजूनं असं गच्च धरलं. धोंडूनं सणकन एक ठेवून दिली. "अंगठा बोटांच्या बाजूला ठेव! उलटां मारलां तर हँडल हातातनं सुटलां पायजे. अंगठा आडवा घातलास तर अंगठा जाईल, हातपण जाईल!" केरूनं ते जन्मभर पाळलं आणि आपल्या लेकाला, दीपकलाही तसंच शिकवलं. थोबाडीत मात्र दिली नाही, कारण सीता मध्ये उभी होती.

सीता त्याची बायको. एक्याऐंशी साली लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्याकडं इंजिनाचं एकच काम होतं, टाकीत पाणी भरणं. "हँडल बाईमाणसाच्या हातचां काम नाय," हे केरूचं ठरलेलं वाक्य. ते तो इतक्या वेळा बोलला होता की सीता ते ऐकता ऐकता भाकरी थापू शकायची.

आणखी एक गोष्ट केरू चारचौघांत अभिमानानं सांगायचा. चार महिने कोकणचा पाऊस, पडवीत ओल, लोखंडाला गंज चढतो, दुसऱ्यांची इंजिनं धरून बसतात. पण धोंडूचं इंजिन दसऱ्यानंतर पहिल्याच दमात सुरू! "ही गावदेवीची कृपा हाय," असं म्हणून तो दर वर्षी इंजिन सुरू झालं की त्याच दिवशी देवीला नारळ वाढवायचा. सीता गप्प असायची. केरूला ते भक्तीचं लक्षण वाटे.

पण गेल्या वर्षी विघ्न आलं. शेवटच्या दिवशी, घाईत, हँडल झटक्यानं उलटं फिरलं. अंगठा वाचला, पण उजवा खांदा असा हिसकला की देवरुखच्या डॉक्टरांनी महिनाभर हात गळ्यात अडकवून ठेवला. दीपक मुंबईहून धावत आला, बापाचा तो अवतार बघितला आणि तेव्हाच त्यानं मनाशी ठरवलं. यंदा कापणीला चार दिवसांची रजा काढून आला तो ठरलेलंच बोलायला.

"बाबा, सोमवारी चिपळूणचा भंगारवाला येणार आहे. इंजिन त्याला देऊन टाकायचं."

केरू उठलाच. "भंगारवाला? तुझ्या आज्याच्या इंजिनाला?"

"आज्याचं इंजिन मला हवंय, पण मला बाबापण हवेत," दीपक म्हणाला. "नाहीतर असं करा. उद्या मळ्यात तुम्ही हँडल मारा. चालू झालं तर मी भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगतो. नाही झालं तर सोमवारी जाईल. दुसऱ्या कुणालाही हात लावायला द्यायचा नाही. दुसऱ्याचा हात मोडलेला मला बघायचा नाहीये."

"कबूल!" केरू गरजला.

गरजला खरा, पण एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. शर्ट घालताना तो खोलीचं दार लावून घ्यायचा. दसऱ्याला दारांना, विहिरीला, तुळशीला आंब्याच्या पानांत भाताची लोंबी गुंडाळून नवं बांधतात, तसं त्यानं यंदा इंजिनाच्या हँडललाही नवं बांधलं होतं, आणि ते बांधतानाही खांदा असा चमकला होता की डोळ्यांत पाणी आलं. सीतानं पाहिलं होतं.

शनिवार उजाडला तो कुंद. अकराच्या सुमारास घाटाकडचं आभाळ काळं झालं. परतीचा पाऊस! मळ्यात वाडीचं आतापर्यंत कापून झालेलं भात भाऱ्यांनी रचून ठेवलेलं. बचत गटानं भाड्यानं सांगितलेलं नवं मशीन पुढच्या गुरुवारी येणार होतं. भारे भिजले तर गुरुवारपर्यंत दाण्याला मोड आले असते. वर्षाचं अन्न मातीत.

मग काय विचारता! बाबल्याचा ट्रक उतारावरून ढकलला, त्यानं दोन शिंका दिल्या, धूर सोडला आणि निघाला. मागं इंजिन, इंजिनाशेजारी राजासारखा केरू. ट्रकच्या मागं अर्धी वाडी धावत होती, ताडपत्र्या डोक्यावर, विळे कमरेला. बायका पदर खोचून भारे ओढायला लागल्या. कुणी ट्रकवरच्याच इंजिनाला पट्टा लावला, कुणी मशीनच्या पायांखाली दगड घातले. सीतानं ओहोळातनं कळशी भरभरून टाकीत पाणी ओतलं. वारा सुटला होता. पेंढा उडत होता, माणसं ओरडत होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना त्या घाईतही मजा येत होती. वाडी अशी एकत्र वर्षातनं एकदाच येते, मग ती भातासाठी असो की पावसाच्या भीतीनं.

"चला, केरूभाऊ!" बाबल्यानं आरोळी दिली. "लावा हात!"

केरूनं डिझेलची तोटी उघडली. लिव्हर वर उचलली. ही लिव्हर वर असेपर्यंत चाक हलकं फिरतं. फिरवून फिरवून वेग आला की लिव्हर खाली पाडायची, मग इंजिन पेट घेतं. सगळं येतं, नुसता हात येत नाही. त्यानं हँडल लावलं, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला आणि फिरवलं. एक फेरा. दुसरा. तिसऱ्या फेऱ्याला हात वर जाताना खांद्यात कळ गेली आणि हँडल अर्ध्यावरच थांबलं.

"थंड हाय जरा," तो म्हणाला. पुन्हा लावलं. पुन्हा तिसऱ्या फेऱ्याला तेच. आता घामाचे ओघळ आले. घाटाकडून पहिली गडगड ऐकू आली.

दीपक ट्रकच्या फाळक्याला टेकून उभा होता. तो जिंकत होता आणि त्याचं तोंड रडवेलं झालं होतं. केरूनं डाव्या हातानं प्रयत्न केला. चाकानं दाद दिली नाही. त्यानं मान खाली घातली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा धोंडूच्या इंजिनासमोर केरू मांडवकरानं हँडल सोडलं.

तेवढ्यात सीता कळशी खाली ठेवून ट्रकवर चढली. पदर कमरेला खोचला.

"सरा जरा," ती म्हणाली.

"गो, तू काय करतंस? हँडल बाईमाणसाच्या..."

"म्हायत हाय मला. सरा. लिव्हर तेवढी धरा, मी सांगीन तवा सोडा."

"आई, नको!" दीपक पुढं झाला. "हात मोडेल!"

सीतानं हँडल धरलं. आणि केरूची नजर तिच्या हातावर खिळली. अंगठा आडवा नव्हता. चार बोटांच्या बाजूला, त्यांना चिकटून, नीट ठेवलेला. हे तिला कुणी शिकवलं? त्यानं तर कधीच नाही.

विचारायला वेळ नव्हता. सीतानं फिरवायला सुरुवात केली. हात नुसता खांद्यातून नाही, कमरेतून फिरत होता, जात्यावर बसल्यासारखा. एक, दोन, तीन. बायका मोजायला लागल्या. पाच! सहा! चाकं गरगरू लागली. आठ! नऊ! पोरंसोरं, म्हातारे, बाबल्या, सगळा मळा मोजत होता. बारा!

"सोडा!"

केरूनं लिव्हर पाडली. ठक्! इंजिन उचकी दिल्यासारखं हललं. सीतानं हँडल झटक्यात मागं ओढलं. एक क्षण काहीच नाही. मग ठक्... ठक्... ठक् ठक् ठक् ठक्! काळ्या धुराची गोल वेटोळी वर गेली, पट्टा सळसळला, झोडणीचं मशीन घुमायला लागलं आणि मळ्यात असा काय ओरडा झाला की ओहोळावरचे बगळे उठले. बाबल्यानं टोपी आभाळात फेकली. ती मशीनमध्ये गेली आणि पेंढ्याबरोबर बाहेर आली.

मग साडेतीन तास कुणी कुणाशी सरळ बोललं नाही, सगळे ओरडतच होते. भारा दे! पेंढा ओढ! गोणी धर! दाणे पिवळ्या धारेनं पडत होते. केरूचा एकच हात चालत होता, पण जीभ दोन्ही हातांचं काम करत होती. दीपकनं शहरातले कपडे विसरून मशीनच्या तोंडाशी भारे दिले. शेवटची गोणी ट्रकवर चढली, ताडपत्री आवळली आणि मग टपोरे थेंब आले. ट्रक वाडीत पोचेपर्यंत लोक भिजून चिंब होते आणि भात कोरडं होतं.

घरी ओटीवर चहा पिताना केरूला राहवलं नाही.

"गो, खरां सांग. अंगठा असा धरायला तुला कुणी शिकवलां?"

सीतानं बशीत चहा ओतला. "तुमच्या आयेनं."

"आयेनं? तिनं कधी हँडल धरलां?"

"दर आवसेला. पावसाळ्याचे चारी म्हयने. मामंजी नि तुमी बाजाराला गेलात की तेल सोडून, तोटी बंद ठेवून, लिव्हर वर करून वीस फेरे. पेटवायचां नाय, नुसतां फिरवायचां, म्हणजे आत धरत नाय. मी आले त्या वरसापासनं मला लावलां. म्हणाली, बाप्यांना सांगू नको, त्यांना वाटू दे देवीची कृपा हाय." तिनं बशी तोंडाला लावली. "यंदाचे धरून चव्वेचाळीस पावसाळे झाले."

दीपक हसायला लागला तो थांबेचना. केरू मात्र हसला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर एकेक कापणी उभी राहत होती, पहिल्याच दमात सुरू झालेलं इंजिन, मिशीला पीळ देणारा तो, आणि कळशी घेऊन बाजूला उभी असलेली सीता. त्याला लाज वाटली. आणि लाजेच्या वर, काठोकाठ, दुसरंच काहीतरी वाटलं, ज्याला त्याच्याकडं नाव नव्हतं. चव्वेचाळीस पावसाळे या बाईनं त्याची ऐट सांभाळली होती.

"बाबा," दीपक हळूच म्हणाला, "बोली तुमच्या हातची होती. इंजिन तुम्ही चालू केलं नाही."

"नाय केलां," केरू म्हणाला. त्यानं लढायचं सोडूनच दिलं होतं.

दीपकनं फोन काढला आणि भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मग तो आईजवळ सरकून बसला आणि आपला हात पुढं केला. "आई, ते कमरेतून कसं फिरवतेस ते मला दाखव. बाबांनी खांद्यातूनच शिकवलंय. दिवाळीला आणखी दोन दिवस रजा काढतो."

केरू उठला. देवीचा नारळ कोनाड्यात ठेवलेला होता. तो त्यानं पायरीवर वाढवला. एक वाटी देवळात न्यायला केळीच्या पानावर ठेवली. दुसरी घेऊन आला आणि सीतासमोर ठेवली. मग कोपऱ्यातलं हँडल उचललं. धोंडू असेपर्यंत ते धोंडूच्या उशाशी असे, त्यानंतर केरूच्या. नव्याची लोंबी अजून त्याला बांधलेली होती, तेलानं काळी झालेली. डाव्या हातानं त्यानं ते आत नेऊन सीताच्या लुगड्यांच्या खुंटीला अडकवलं.

"तितं नको," सीता ओटीवरून ओरडली. "लुगडी काळी व्हतील."

"होऊ देत," केरू म्हणाला. "नवी आणू."