चित्र आलंय, मोटर बघा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर सोनईला जाऊन म्हशीसाठी पेंडीचं पोतं आणलं. पोतं मागच्या सीटवर, ती माझ्या शेजारी, मांडीवर कोथिंबिरीची जुडी. निम्म्या रस्त्यात गाडीच्या मीटरमधला पिवळा दिवा लागला. ती म्हणाली, "चित्र आलंय. घरी गेल्यावर मोटर बघा."

मी म्हणलं, "आग लागली तुझ्या मोटरीला."

ती हसली आणि रस्त्याकडेच्या रानात कुणाचे कांदे कसे आलेत ते सांगत बसली. दुसऱ्या दिवशी भाकरी टाकून झाल्यावर 'जरा टेकते' म्हणाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला हार्ट. असेल.

गयाबाई तिचं नाव, माझी बायको. नाव लिहितो, कारण पुढं सारखं 'ती ती' येणार आहे.

आता मुद्द्याचं. भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही. आजही मानत नाही. नातीनं तुमचं हे पान मोबाईलवर दाखवलं, लोकांचे अनुभव वाचून दाखवले. बरेचसे मला खोटे वाटले — राग येऊ द्या, आला तर. सगळ्यांना नेमकं अमावास्येलाच कसं काय बाहेर पडायचं असतं? माझं जे झालं ते भर उन्हात, हायवेच्या कडेला, चहाच्या टपरीसमोर झालं. मी सातवी नापास माणूस. मोबाईलमध्ये बोललो, ते उमटलं, नातीनं नीट केलं. माझ्या 'लई'चं 'खूप' करत होती. म्हणलं, हात लावू नको.

आमची वस्ती सोनई-घोडेगाव रस्त्यावर, नेवासा तालुका. रस्त्यापासून आत बैलगाडीवाट, वाटेच्या टोकाला घर, घरामागं विहीर. विहिरीच्या काठावर पाण्याची मोटर. हे नीट ध्यानात ठेवा, कारण सगळं त्या मोटरीवरच आहे.

गाडी सेकंडहँड. नगरच्या एका रिटायर मास्तरकडून घेतली. पांढरी, छोटी, पेट्रोलवरची. मोटरसायकलवर मागं बसून तिची कंबर धरायची म्हणून घेतली. दिवा पहिल्यापासून लागायचा. मास्तर म्हणाले, "इंजिनचा दिवा आहे, काही होत नाही." खरंच काही होत नव्हतं. गाडी पळायची, ॲव्हरेज द्यायची, फक्त तो दिवा... कधी चार दिवस नाही, कधी घरातून निघाल्या निघाल्या.

सोनईचा राजू फिटर त्यामागं लागला. स्कॅनर लावायचा, काहीतरी कोड पुसायचा, दिवा जायचा. आठवड्यानं परत हजर. प्लग बदलले, सेन्सर बदलला, पेट्रोल टाकीचं झाकणसुद्धा बदललं. शेवटी राजूच म्हणाला, "बाबा, ही गाडी तुमच्यासारखीच हाय. काय दुखतंय ते सांगत न्हाई, नुसती डोळे वटारती."

गावात दुसरंच चाललेलं. गाडी शनिवारी घरी आली होती. शनिवारी लोखंड घरी आणतात का? शिंगणापूर आमच्या हाकेच्या अंतरावर, त्यामुळं ज्याला त्याला शनीचं जास्त कळतं. जाऊन तेल वाहून या म्हणाले. मी गेलो नाही. देवावर राग नाही माझा. पण माझ्या गाडीच्या मीटरमध्ये डोकवायला देवाला वेळ आहे असं मला वाटत नाही.

गयाबाईचं मात्र वेगळंच. तिनं तो दिवा पहिल्यांदा बघितला आणि म्हणाली, "अवो, ही तर आपली मोटर." तुमच्याकडं गाडी असेल तर बघा ते चित्र. इंजिनचं म्हणतात, पण इंजिन असं कुठं दिसतं? तिनं बोट ठेवून मला दाखवलं — ही वर उचलायची कडी, हा मागचा पंखा, हे पुढचं पाण्याचं तोंड. विहिरीवरच्या मोटरीचा फोटो काढल्यासारखं. तेव्हापासून दिवा लागला की तिचं ठरलेलं — चित्र आलंय, मोटर बघा. आणि मी घरी येऊन मुद्दाम मोठ्यानं ओरडायचो, "बघितली! बंद हाय! खोटं तुझं चित्र!" ती आतून म्हणायची, "बघितली ना? झालं मग."

ती गेल्यावर तिची राख आम्ही नदीत सोडली नाही. हल्ली आमच्याकडं बरेच जण असं करतात — रानातच खड्डा घेतला, राख टाकली, वर जांभळीचं रोप लावलं. पोरानं, दत्तानं, विहिरीपासून तिथपर्यंत नळी ओढली. मोटर चालू केली की रोपाला आपोआप पाणी.

दत्ता पुण्याकडं कंपनीत आहे. त्याचं एकच, "आबा, एकटं ऱ्हायचं न्हाई, तिकडं चला." सून चांगली आहे, नात चांगली आहे. मी हो म्हणलं. भांडायला अंगात जोर नव्हता. रान चुलतभावाला वाट्यानं लावलं, त्याची त्याला विहीर आहे. म्हैस विकली. म्हैस गेली म्हणजे घासाला पाणी नको, घास नको म्हणजे मोटर नको. पेटीतले फ्यूज काढून मी कपाटात ठेवले. रोपाकडं जात नव्हतो. का ते विचारू नका.

राहिली गाडी. दत्तानं मोबाईलवरून नगरला गिऱ्हाईक बघितलं. त्यानं आधीच सांगितलेलं, मीटरमध्ये दिवा पेटलेला असला तर गाडी घेणार नाही. मी राजूकडं गेलो. त्यानं स्कॅनर लावला, पुसलं, गाडी चालू केली, दिवा तसाच. परत पुसलं. तसाच. मग दत्ता त्याच्याशी फोनवर काय बोलला कोण जाणे, राजूनं मीटरच खोललं आणि मागून दिव्याचा बल्ब काढला. हरभऱ्याच्या घाट्याएवढा बल्ब. माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "घ्या, आता कसा लागतोय?"

मला ते पटलं नव्हतं. गिऱ्हाइकाला तिथं गेल्यावर तोंडानं सांगणार होतो मी. पण बल्ब सदऱ्याच्या खिशात टाकला आणि तिथूनच नगरला निघालो. वस्तीचा फाटा आला. वळलो नाही, आत बघितलंही नाही.

घोडेगाव आलं. त्या दिवशी बाजार नव्हता, जनावरांचं मैदान मोकळं. मैदान मागं पडलं, हायवेला लागलो, आणि मीटरमध्ये चित्र आलं.

मी आधी म्हणलं ऊन आहे. तळहात आडवा धरून सावली केली. सावलीत आणखी ठळक दिसायला लागलं. गाडी बाजूला घेतली, चष्मा पुसला. खिशात हात घातला — बल्ब खिशात. गाडी बंद केली. गेलं. चालू केली. आलं. पिवळं, नेहमीसारखं. वर कडी, मागं पंखा, पुढं तोंड.

मी घाबरलो का? नाही. मला राग आला. लई राग आला. म्हणलं, जित्तेपणी पाठ सोडली नाही आणि आताही...

समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्याला हाक मारली. ओळख ना पाळख, तरणा माणूस. म्हणलं, जरा आत डोकावून बघ, तुला काय दिसतंय. मी काहीही सांगितलं नव्हतं त्याला. तो खिडकीतून वाकला.

"दिवा लागलाय की."

"कसला?"

त्यानं जरा निरखून बघितलं. "मोटर हाय ना ही? पान्याची?"

मी खिशातला बल्ब काढून त्याला दाखवला, हा त्या दिव्याचा आहे म्हणलं. त्यानं बल्ब बघितला, दिवा बघितला, माझ्याकडं बघितलं.

"मग ह्यो कशानं लागलाय?"

"तेच तुला इचारतोय."

"बाबा," तो म्हणाला, "च्या घेता का?"

चहा घेतला. पैसे घेतले नाहीत त्यानं, मला वाटतं मी लवकर जावं अशी त्याची इच्छा होती. टपरी आजही तिथंच आहे. ज्याला मी खोटा वाटतो त्यानं जाऊन विचारावं.

गिऱ्हाईक नगरला थांबलेलं. मी गाडी वळवली. का वळवली? कारण ती म्हणायची घरी जाऊन मोटर बघा. माझा विश्वास नव्हता. पण इतकी वर्षं दर वेळेस बघितली होती, एकदाच न बघता कसं जाऊ? फाट्यावरून आत शिरलो, थेट विहिरीवर.

मोटर बंद. बंदच असणार, फ्यूज माझ्याच कपाटात. मी सवयीनं ओरडलो, "बघितली! बंद हाय!"

आतून कुणी बोललं नाही.

तिथं उभं राहिलो तेव्हा नळी दिसली. कोरडी, उन्हानं वाकडी झालेली. नळीच्या मागं मागं गेलो. रोपाची पानं खाली मान घालून लोंबत होती, कडा करपलेल्या. आळ्यातल्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. वैशाखाचं ऊन, आणि मी फ्यूज काढल्यापासून त्याला थेंब नव्हता. एक शेंडा तेवढा हिरवा होता.

आणि मग मला आठवलं, ती काय म्हणायची ते. 'मोटर चालू राहिली' असं ती कधीच म्हणाली नव्हती. ते मीच धरून चाललो होतो. ती म्हणायची — मोटर बघा. एवढंच.

फ्यूज आणले, पेटीत बसवले. नशिबानं लाईट होती. पण मोटर बरेच दिवस बसलेली, हवा धरून होती, नुसती गुरगुरायची. असल्या मोटरीला आधी वरून पाणी पाजावं लागतं. घरातली कळशी आणली, पोहऱ्यानं पाणी शेंदलं, तोंडातून ओतत राहिलो. निम्मं पाणी माझ्याच धोतरावर. तोंडानं शिव्या चालू — मोटरीला, गाडीला, राजूला, आणि तिलाही. तिला जास्त. मग एकदम आवाज बदलला आणि नळी फुगली.

आळ्यात पाणी पडलं तशी माती चरचरली. मी तिथंच खाली बसलो.

दत्ताचा फोन आला. गिऱ्हाइकानं त्याला लावला होता. "आबा, कुठं हाय तुमी? मानूस वाट बघून गेला."

"गाडी विकायची न्हाई."

"आता काय झालं?"

"दिवा लागला."

"आवो पन बल्ब काढला ना?"

"व्हय. खिशात हाय."

तो हळू आवाजात म्हणाला, "आबा, तुमी एकटे हाय म्हनून असं होतंय. मी उद्या न्यायला येतो."

"ये की. जेवून जा. मी येनार न्हाई. तुझ्या आईला पानी कोन घालनार, तुझी कंपनी?"

तो रडला असावा. मी फोन ठेवला. मला रडायला वेळ नव्हता, आळं फुटलं होतं, पाणी बाहेर चाललं होतं.

आता तुमच्यातले शहाणे काय लिहितील ते मला माहीत आहे. राजूनंही तेच सांगून बघितलं. शेजारच्या दुसऱ्या दिव्याचा उजेड पाझरला असेल. मग दुसरा दिवा का पेटला नव्हता? उन्हाची तिरीप असेल. मग सावलीत कसा दिसला? दत्ता म्हणतो म्हाताऱ्याला भास झाला. मग टपरीवाल्या तरण्या माणसाला कसला भास? त्याची बायको जिवंत आहे, मी विचारलंय.

दुसऱ्या बाजूचेही येतील — आत्मा अडकलाय, शांत करा, अमुक ठिकाणी जा. कुठं जाणार नाही. शांत करायला ती काही भांडत नव्हती, भांडत मी होतो. भूत होतं असं मी म्हणत नाही. नव्हतं असंही म्हणत नाही. बल्ब खिशात होता आणि दिवा लागला होता, एवढं मी बघितलं, आणखी एकानं बघितलं. कशानं लागला ते मला तेव्हा कळलं नाही, आज कळत नाही, आणि कुणी मला समजवायच्या भानगडीत पडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपाकडं गेलो. वरची पानं थोडी उचलली होती. मग गाडी काढून सोनईला गेलो आणि राजूपुढं बल्ब ठेवला. म्हणलं, परत बसव.

तो हसला. "बाबा, लोकं दिवा घालवाया येत्यात. तुमी लावाया आले?"

"बसव."

"परत सारखा पेटंल बघा. मग माझ्या नावानं वरडू नका."

"पेटू दे. तुझ्या बापाचं तेल जळत न्हाई."

त्यानं मीटर खोललं, बल्ब बसवला. सोनईतून बाहेर पडलो, उसाच्या रानांपाशी आलो, आणि चित्र आलं. शेजारची सीट रिकामी होती. मी गाडी तशीच हाकली.

घरी आलो, आणि आधी मोटर बघितली.