घरचीच मुलगी

वाळवंटाकाठच्या नुआकशोत शहरात, सिदातींच्या घरात मसऊदाला सगळे घरचीच मुलगी म्हणत. तिची आईही याच घरची मुलगी होती, आजीही. तीन पिढ्यांत एकीलाही पगार देऊन परकं करण्याचं पाप कुणी केलं नव्हतं. सिदातींच्या पोटच्या दोन मुली शाळेत गेल्या, ही शेळ्यांमागे गेली, एवढाच काय तो फरक.

गुलामांच्या सुटकेपायी दोनदा तुरुंगात जाऊन आलेला सालेक एका दुपारी घरी आला. सिदाती मनमोकळे हसले.

"अहो, गुलामी कायद्यानं तीनदा बंद झाली! आता कुठली गुलामी?"

"नाहीच म्हणता, मग तीनदा बंद का करावी लागली?"

मसऊदा उंचावरून फेसाळ चहा ओतत होती. सिदातींनी तिलाच साक्षीला बोलावलं. "सांग गं पोरी, तू गुलाम आहेस का?"

"नाही, मालक."

"मग बस की आमच्याबरोबर," सालेक म्हणाला.

मसऊदानं किटली ठेवली आणि ती चटईवर ऐसपैस बसली. रिवाजाप्रमाणे चहाच्या अजून दोन फेऱ्या बाकी होत्या. सिदातींचा चेहरा पडला.

"अगं, बसलीस काय? ओतणार कोण?"

"घरच्या आणखी दोन मुली आहेत की, मालक."