गेमवाल्या बाई

बाईंच्या घरी पाहुण्याच्या हातात पाण्याच्या पेल्याआधी गोल बटण यायचं. "बसा, एक डाव खेळू," म्हणत त्या टीव्ही लावायच्या. काळ्या पडद्यावर मधोमध तुटक रेघ, दोन्ही कडांना एकेक पांढरी पट्टी आणि त्यांच्यामध्ये टक-टक करत धावणारा चौकोनी पांढरा चेंडू. बटण फिरवलं की आपली पट्टी वर-खाली सरकायची. खेळ एवढाच. टीव्हीला जोडायचे अगदी पहिले गेम असेच असत.

प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या या शकुंतलाबाईंना गडचिरोलीत सगळे गेमवाल्या बाई म्हणत. मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. बल्लारपूर, चंद्रपूरच्या कारखान्यांच्या वसाहतींतल्या कोणी इंजिनीयरने कधीकाळी परदेशातून असा गेम आणलेला असे. ते कुटुंब घर सोडून निघालं की माळ्यावरचं सामान बाहेर पडे, आणि बाई एसटीने जाऊन गेमचा खोका मांडीवर घेऊन परत येत. असे कितीतरी गेम त्यांच्या कपाटात जमले होते. नव्या पातळ टीव्हीवर चित्र नीट येत नाही म्हणून त्यांनी जुना डबा टीव्ही जपला होता. तो रुसला की त्याच्या डोक्यावर एक चापट बसे.

"यात दुसरा गेम नाही का?" मी एकदा विचारलं.

"नाई. आन् हाबी एकट्याले खेळता येत नाई, म्हणून तर मले आवडते," बाई म्हणाल्या. "मोबाइलवर पोरं एकटेच हासून राह्यले, एकटेच चिडून राह्यले. इथी समोर कोनी तरी लागतेच."

समोर बहुतेक वेळा त्यांचे थोरले भाऊ असत. दादांनी सारी नोकरी भामरागड, एटापल्लीच्या रस्त्यांवर एसटी चालवली होती. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू जाऊ लागली. आधी पेपर सुटला, मग माणसांचे चेहरे. मी समोर उभी असले तरी ते "कोन हाय?" म्हणून विचारत. पण एक दिवस बाई गेम लावून बसल्या असताना दादा स्टूल ओढून अगदी पडद्याजवळ गेले.

"शकू, हा मले दिसून राह्यला!"

काळ्यावरचा तो ढळढळीत पांढरा ठिपका त्यांना अजून दिसत होता. त्या दिवसापासून रोज चहा झाला की भावाबहिणीचा डाव सुरू. सगळ्यांत जाड पट्ट्यांचा एक गेम होता, तोच दादांसाठी ठरलेला.

पुढे तो गेम बंद पडला. बाजारातल्या मेकॅनिकने उघडून पाहिला आणि मान हलवली. आतली चिप गेली होती, नवी कुठे मिळत नव्हती. तसाच दुसरा गेम कपाटात होता, पण तो बाईंचा जीव. कोऱ्या खोक्यात, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाटलेला. तो बघायला नागपूरहून लोक येत. बाई कोणाला त्याला हात लावू देत नसत.

त्यांनी तो खाली काढला, तेव्हा दादांना नुसत्या प्लास्टिकच्या आवाजावरून कळलं.

"तो नको, शकू. माह्यासाठी काऊन फोडतं?"

"मंग कोनासाठी ठेवू?" म्हणत बाईंनी विळीवर प्लास्टिक चिरलं. जरा वेळाने टक-टक सुरू झाली, तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले आणि बटण हातात घेतलं.

तो गेम पुढे बरेच महिने चालला. मग एका संध्याकाळी दादांनी बटण खाली ठेवलं. "आता नाई दिसत." बाईंनी टीव्ही बंद केला. त्या नुसत्या दादांच्या शेजारी बसून राहिल्या.

माझी चंद्रपूरला बदली झाली, तेव्हा बाईंनी मला एक गेम दिला. "काचेच्या कपाटात ठेवजो नोको," एवढं बजावलं. गेल्या वर्षी बाई गेल्या. मी भेटायला गेले तर दादा ओसरीवर बसलेले. मी नाव सांगितलं, तसा त्यांनी माझा हात हातात घेतला.

"खेळतं का तो गेम, पोरी?"

"खेळते ना. नवऱ्याबरोबर."

"कोन जिंकते?"

"बहुतेक मीच."

दादा थोडे हसले. "अधूनमधून हारत जाय. शकू मुद्दाम हारे माह्यासंगं. तिले वाटे, मले समजत नाई."