एका दिवसाचं लंघन

गेल्या वैशाखात एका सोमवारी सकाळी आमच्या पुंडलिकनगरच्या घरातलं यॉर्कशायर टेरियर जातीचं कुत्रं स्वयंपाकघराच्या दारात बेशुद्ध सापडलं. आदल्या दिवशी त्याला काहीही खायला दिलेलं नव्हतं.

कुत्रं माझ्या भावाचं. परदेशात नोकरी लागल्यावर त्यानं ते पिल्लू वडिलांकडे आणून सोडलं. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात देवपूजा आहे, कुत्रं बैठकीच्या पुढे येणार नाही, असं निवृत्त वडिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. महिनाभरात त्याची बशी स्वयंपाकघरात आली. आई गेल्यापासून वडील फारसं बोलत नसत. जे बोलत ते आता त्या कुत्र्याशी.

या जातीचं कुत्रं पूर्ण वाढलं तरी ओंजळीत उचलता येतं. त्याचे केस माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात. झडतात कमी, पण रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो. वडील ते आईच्या लाकडी फणीनं विंचरत आणि डोळ्यांवर येणारी बट रबरानं बांधत. श्वासनळी नाजूक असते, म्हणून पट्टा गळ्यात नाही, छातीभोवती. सोफ्यावरून उडी मारली तर पाय मोडू शकतो, म्हणून खाली जुनी गादी. स्वभावानं मात्र ते घाबरट नव्हतं. गल्लीतल्या मोठ्या कुत्र्यांवर ते धावून जाई आणि वडिलांना त्याला उचलून घ्यावं लागे. शेजारचे गृहस्थ फाटकातून विचारत, "काका, हे वाढणार कधी?"

"वाढलंय," वडील म्हणत. "तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

भावानं जाताना एक गोष्ट बजावून सांगितली होती: थोडं थोडं, पण दिवसातून चार वेळा खायला द्यायचं. का, ते त्यानं सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी मी कामासाठी सिल्लोडला मुक्कामी होते. त्या दिवसाबद्दल जे लिहिते आहे ते वडील आणि आत्या यांच्याकडून ऐकलेलं आहे. दोघांचं सांगणं जुळतं. आत्या ही वडिलांची थोरली बहीण, कन्नडहून राहायला आलेली. सकाळी कुत्र्याला उलट्या झाल्या. वडील त्याच्यासाठी दहीभात कालवायला बसले, तेव्हा आत्यानं थांबवलं.

"पोट बिघडलंय त्याचं. वर आणखी काय भरतो? लंघन पडू दे."

"एवढासा जीव आहे, अक्का."

"तू केवढा होता? पोट बिघडलं की माय तुला दिवसभर पाण्यावर ठेवायची. मेला का तू?"

"नाही."

"मग? लई लाड झाले त्याचे. उद्या बघ, कसं बशी चाटून खातं."

आमच्या घरात उपवास वेगळा आणि लंघन वेगळं. उपवास देवासाठी असतो, त्याला साबुदाणा चालतो. लंघन पोटासाठी असतं, त्याला फक्त पाणी. ते औषध आहे, याबद्दल वडिलांनाही शंका नव्हती. त्यांनी दहीभात झाकून ठेवला. संध्याकाळी कुत्रं बशीपाशी जाऊन बसलं, तेव्हा त्यांनी बशी उचलून ओट्यावर ठेवली.

सोमवारी मी घरी पोचले तेव्हा वडील फरशीवर बसले होते आणि कुत्रं त्यांच्या मांडीवर होतं. पाय ताठ झाले होते, अंगाला झटके येत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच विचारलं की शेवटचं कधी खाल्लं. मग म्हणाले, मध बोटानं हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, लगेच घेऊन या. आत्यानं देवघरातला पंचामृताचा मध आणला. वडील रिक्षातही तो चोळत होते.

दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावलं. इतक्या लहान कुत्र्याच्या अंगात साठा फारसा नसतो, डॉक्टर म्हणाले. पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. मोठं कुत्रं एखादा दिवस काढतं, याला ते जमत नाही.

"उपाशी कुणी ठेवलं?"

"मी," वडील म्हणाले.

"त्यानं नाय," आत्या म्हणाली. "मी सांगितलं होतं."

कुत्र्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. घरी आत्यानं ताट वाढलं. वडिलांनी ते बाजूला सारलं.

"ते खाईल तेव्हा."

"बरं," आत्या म्हणाली. तिनं स्वतःचंही ताट झाकलं. दोघं पाण्यावर राहिले.

मंगळवारी कुत्रं शुद्धीवर आलं. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोरून हात फिरवला, पापणी लवली नाही. साखर फार वेळ उतरलेली राहिली की मेंदूला इजा होऊन नजर जाते; ती काही दिवसांत परत येते, कधी येत नाही, असं त्यांनी सांगितलं. संध्याकाळी घरी आणल्यावर ते आधी सोफ्याच्या पायावर आदळलं. मग भिंतीला अंग घासत स्वयंपाकघरात गेलं. बशी ओट्यावरून खाली, नेहमीच्या जागी ठेवलेली होती. त्यानं भात खाल्ला. आत्यानं दोन ताटं वाढली.

ती कन्नडला परत गेली. रोज फोन करते. पहिला प्रश्न असतो, "खाल्लं का त्यानं?"

डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात डोळे पुन्हा तपासले. उजव्या डोळ्याला उजेड कळतो. डाव्याला कळत नाही.