कधीच पॅक न करणारी बाई

जपानी माहजोंग मला चांगलं येतं, हे सांगायला मी लाजत नाही. मोबाइलवर चौघांनी खेळायचा, आपल्या रमीच्या चुलतभावासारखा खेळ. एक सोंगटी उचला, एक टाका, रांगा जुळवा. फरक एवढाच की तुम्ही टाकलेल्या सोंगटीवर दुसऱ्याचा डाव लागला, तर सगळा भुर्दंड एकट्या तुम्हाला. म्हणून इथे जुळवण्याइतकंच वेळेवर हातचा डाव मोडणंही यावं लागतं.

आई पायाला प्लास्टर घालून घरी बसली तेव्हा मी तिला हा खेळ शिकवला. प्लास्टर निघालं, खेळ राहिला. मी तिची लेक, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, त्यामुळे रविवारच काय तो आमचा. जेवणं झाली की दिवाणावर काटोलची संत्री घेऊन बसायचं. तिनं खेळायचं आणि मी शेजारून अक्कल पाजळायची. तेवढी दुपार मला आठवडाभर पुरायची.

पण ही लग्नघरच्या रमीत मुरलेली बाई! कितीही रद्दी पानं येवोत, हिनं कधी पॅक करून डाव सोडला नाही, अशी नातेवाइकांत ख्याती. तीच खोड तिनं इथे आणली आणि खेळात मोठ्या कष्टानं चढलेल्या पायरीवरून घसरायची वेळ आली. एका रविवारी तिनं जाहीरच केलं, "आज चौथी आली अन् खालच्या पायरीवर उतरली, त हे मोबाइलातून काढूनच टाकीन." तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शेवटचा डाव आला. आई तिसरी, चौथा थोड्याच गुणांनी मागे. तिचा हात असा देखणा जुळलेला की मलाच हेवा वाटला. बांबूचा आठ, म्हणजे आठ बांबूंच्या चित्राची सोंगटी, टाकला की फक्त एका सोंगटीची वाट पाहायची. तेवढ्यात डावीकडच्यानं 'रीची' पुकारली. म्हणजे त्यालाही आता एकच सोंगटी हवी होती, आणि ती कोणती ते आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यानं स्वतः टाकून दिलेल्या सोंगट्यांवर मात्र त्याला आमच्याकडून डाव लावता येत नाही. तेवढ्याच काय त्या बिनधोक.

"आठ नको वं आई. त्यानं टाकल्या तशाच टाक. मोड डाव."

"एवढा जुळला, काहून मोडू?"

तिचं बोट आठावर टेकलं. मग सरकलं. जुळलेल्या रांगेतली एक सोंगटी तिनं उपटून टाकली, मग दुसरी. तोंड असं, जसं कुणी बळेच कारलं भरवतंय.

पुढच्याच फेरीत चौथ्यानं बांबूचा आठ टाकला आणि डावीकडच्याचा डाव लागला. चौथा पार बुडाला. आई तिसरीच राहिली, पायरी शाबूत!

"पाहिलं? मी सांगूनच राहिली होती! शेवटी शिकली तू."

"कायची शिकली," संत्रं सोलत ती म्हणाली. "लागत होता माहा डाव. पण चुकून उतरली असती, त रविवारी तुह्याजवळ कोण बसलं असतं?"

अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवून तिनं नवा डाव लावला.